पाच मिनिटांची तालीम

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैतला पाऊस, दुपारची वेळ. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी चौदा महिन्यांचा पुतण्या तापानं फणफणला होता आणि वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. एकाएकी त्याचे डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि हातपाय झटके देऊ लागले. ओठ निळसर पडले. आई ओरडली, "दातखीळ बसली! चमचा आण!" आणि मी आणला.

आता कबुली देतो. आदल्याच वर्षी मी 'फिट आल्यावर काय करावं' असा लेख लिहिला होता. त्यात ठळक अक्षरांत होतं: तोंडात काहीही घालू नका. तरी चमचा माझ्याच हातात होता, आणि पोराच्या हिरडीतून रक्तही माझ्यामुळेच आलं. तोवर शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या होत्या, मागून कुणीतरी चप्पल हुंगवायला सांगत होतं, आणि वहिनी "भाऊजी, गाडी काढा!" म्हणून रडत होती. गाडी निघेपर्यंत आकडी थांबली आणि पोरगं गाढ झोपलं.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ चालली?" मी म्हणालो, दहा-पंधरा मिनिटं. वहिनीच्या मते अर्धा तास. रात्री मोबाईल चाळताना दिसलं की आकडी सुरू झाली तेव्हा मी दादाला फोन लावला होता २ वाजून ४१ मिनिटांनी, आणि 'थांबली, दवाखान्यात निघतोय' हे सांगायला २ वाजून ४४ मिनिटांनी. तीन मिनिटं, बस्स.

भेदरलेल्या माणसाचं घड्याळ असंच चालतं. २००७ साली अमेरिकेत मेंदूसंशोधक डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात पाठीवर सोडलं आणि नंतर विचारलं, पडायला किती वेळ लागला? दुसऱ्याला पडताना पाहून जो अंदाज केला होता, त्यापेक्षा स्वतःच्या पडण्याचा अंदाज सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. आमच्या घरात तर टक्क्यांची मोजणीच बुडाली.

लहान मुलांच्या फिटमध्ये सगळा हिशोब वेळेचा असतो, म्हणून हे महत्त्वाचं. तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षे या वयात येते, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि साध्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही. साधारण तिघांत एकाला ती पुन्हा कधीतरी येते. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, पण त्यानं पुढची आकडी टळत नाही. अपस्मार म्हणजे फेफरं वेगळं. त्यात तापाबिपाचं निमित्त नसतानाही झटके पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या घरच्या लोकांवर हा प्रसंग कैक वेळा ओढवतो.

आत काय घडतं ते सांगलीकराला नाटकाच्या भाषेत सांगता येईल. पडदा उघडण्याआधीचं प्रेक्षागृह आठवा. हजार माणसं, प्रत्येकाची कुजबुज वेगळी. मेंदूतल्या पेशींचं एरवी असंच चालतं. आकडीत सगळं थिएटर एका ठेक्यात टाळ्या पिटायला लागतं आणि हातपाय त्या ठेक्यावर उडतात. या टाळ्या थांबवायला मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. ते पेशींना सांगतं, गप्प बसा. (गाबा आणि गप्प बसा हा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) मिडाझोलम हे औषध या गाबाचाच आवाज वाढवतं. पण फिट लांबली की पेशी आपल्या पृष्ठभागावरचे गाबाचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप ऐकणारे कान, आत ओढून घेऊ लागतात. सांगणारा ओरडतोय, पण ऐकणारे कान कमी होत चाललेत. म्हणून वेळेवर नाकात मारलेला मिडाझोलमचा फवारा जे काम करतो, तेच काम अर्ध्या तासानं दवाखान्यातल्या इंजेक्शनलाही जड जातं. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेनं २०१५ साली व्याख्या ठरवली तेव्हा सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटसाठी रेघ ओढली ती पाच मिनिटांवर. त्यापुढे ती आपणहून थांबण्याची वाट पाहायची नाही, औषध द्यायचं.

आमच्याकडे दुखणं मोठं झालं की 'मिरजेला न्या' म्हणतात. डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं दवाखाना काढला तेव्हापासूनची ही सवय. पण जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या वस्तीवरून मिरज दीड-दोन तासांवर. १०८ला फोन केला तरी गाडी रस्ता कापूनच येणार. पहिली पाच मिनिटं घरच्यांचीच.

आणि त्यांतलं काम ऐकायला अगदी सोपं आहे. मुलाला खाली, कुशीवर निजवायचं, म्हणजे लाळ बाहेर गळते. गळ्याजवळचं बटण सैल करायचं, आजूबाजूची टणक वस्तू दूर सारायची. घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही (जीभ गिळली जात नाही, तो समजच चुकीचा). पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला फवारा आणि १०८. आकडी पहिलीच असेल, थांबून पुन्हा आली, श्वास नीट वाटेना किंवा नंतर मूल शुद्धीवरच येईना, तर थेट दवाखाना. छापील पत्रकावर हे सगळं अर्ध्या पानात मावतं. मला पाठ होतं. तरी चमचा आणला!

भीतीत मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग मागे पडतो आणि सवयीचं राज्य येतं. ज्याची सवय आहे तेच हात करतात, आणि आपल्या घरांत सवय आहे ती कांद्याची नि चमच्याची. म्हणजे नवी सवय लावावी लागणार, आणि ती वाचून लागत नाही. त्यासाठी मराठीत एक झकास शब्द आहे: तालीम. नाटकवाल्यांचीही तालीमच आणि पैलवानांचीही. वैमानिकांनी हे फार आधी ओळखलं. एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच हलणारं खोटं विमान बनवलं, ते यासाठीच. पण आईबापांनी तालीम करायची कुणावर? पोटच्या पोराला फिट येण्याची वाट बघत तर बसता येत नाही.

इथं आभासी वास्तव म्हणजे व्हीआर कामाला येतं. कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचं जे यंत्र दाखवलं, ते छताला टांगलेलं असे. आता ते जाडजूड गॉगलाएवढं झालंय. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, मेंदू त्यांतून खोली काढतो. मान वळवली की आतले सेन्सर ते टिपतात आणि चित्रही वळतं. या वळण्याला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त उशीर होऊ नये अशी धडपड असते, नाहीतर डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच, आणि पोटात ढवळतं.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रदर्शनात मी पहिल्यांदा तो गॉगल चढवला. समोर उंच इमारतीच्या गच्चीतून बाहेर आलेली फळी. गॉगल दाखवणारा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "सर, चाला ना, खाली फरशीच आहे." फरशी आहे हे मला पक्कं माहीत होतं, पायांना नव्हतं. तळवे घामेजले. व्हीआरचे संशोधक मेल स्लेटर यांनी या अनुभवाची फोड करून दाखवलीय. एक, 'मी इथंच आहे' हा भास, आणि दुसरा, 'हे खरंच घडतंय' हा. दोन्ही जमून आले की खोटं आहे हे माहीत असूनही शरीर खऱ्यासारखं वागतं. पत्रक डोक्याशी बोलतं, हा गॉगल पायांशी.

आता त्या गच्चीच्या जागी एक स्वयंपाकघर ठेवा. कुकरची शिट्टी, टीव्हीवर मालिका, चटईवर तापलेलं मूल. आकडी सुरू. आईनं त्याला कुशीवर वळवलं नाही तर लाळेची घरघर वाढते. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे तिनं पाहिलं की नाही, याची नोंद होते. चुकलं तर कुणाला काही होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयानं आपल्या शिकाऊ डॉक्टरांसाठी फिट आलेल्या बाळाचा असाच प्रसंग व्हीआरमध्ये उभा केला. घरच्यांच्या तालमीत औषधांची यादी कमी आणि गोंधळ जास्त हवा.

तो गोंधळ मात्र आपला पाहिजे. परदेशी बंगल्यातली शांत बैठकीची खोली आणि इंग्रजीत बोलणारी नर्स इथं काय कामाची? माझ्या मते व्हीआरमध्ये घालायची सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे शेजारच्या काकू. त्या कांदा घेऊन येणारच. त्यांना "काकू, जरा थांबा, घड्याळ बघा आणि १०८ लावा" असं म्हणायची तालीम झाली पाहिजे. आपल्याकडे फिट आलेल्या मुलाभोवती माणसं कधीच कमी नसतात, आणि त्यांना काम दिलं नाही तर ती चप्पल शोधायला लागतात.

फवाऱ्याचं प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. बोटाएवढी बाटली, वर नाकात घालायचं टोक. नवी असेल तर आधी हवेत दाबून पंप भरून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्या दाबाला नुसती हवाच निघते. किती फवारे मारायचे हे मुलाच्या वजनावर ठरतं, डॉक्टर ते लिहून देतात, आणि बहुधा निम्मे एका नाकपुडीत, निम्मे दुसऱ्या. नाकाच्या ओल्या त्वचेतून औषध थेट रक्तात जातं, गिळावं लागत नाही. मोजणी चुकून जास्त गेलं तर श्वास मंदावू शकतो, म्हणून मोठ्यानं मोजायचं. मूल झटके देत असताना हे पहिल्यांदाच करायचं म्हणजे कठीणच. शिवाय बऱ्याच घरांत बाटली असते कुलूपबंद कपाटात आणि किल्ली असते शेतावर गेलेल्याच्या खिशात. आभासी घरातही ती शोधायलाच लावली पाहिजे.

या गॉगलाचं जे जमत नाही तेही ढळढळीत आहे. दहा किलोचं ताठलेलं मूल कुशीवर वळवताना मनगटावर येणारा भार त्यात नाही. ओलसर लाळ नाही, तापलेल्या अंगाचा वास नाही. म्हणून गॉगलसोबत वजनदार बाहुली आणि रिकामी फवाऱ्याची बाटली हवीच. कालच ज्यांनी पोराची फिट पाहिलीय त्यांना आज तेच दृश्य दाखवलं तर छातीत धस्स होतं, त्यामुळे शेजारी नर्स बसलेली असावी आणि 'काढा' म्हटलं की गॉगल निघावा. फिट येणाऱ्या मुलानं तो उत्सुकतेनं चढवायचा नाही, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी. आणि असली कौशल्यं काही महिन्यांत विसरतात. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या (सीपीआरच्या) प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. एकदा दाखवून पाठवणी केली, असं चालणार नाही.

आणखी एक. दवाखान्यात समजावून सांगतात ते आईबापांना, पण दुपारी मुलापाशी असते आजी. आई नोकरीला किंवा रानात. आमच्या घरीही चमच्याचा हुकूम आजीचाच, म्हणजे माझ्या आईचाच होता. तेव्हा गॉगल आधी आजीच्या डोक्यावर चढवावा, अंबाडा सांभाळून.

आमच्याकडे गॉगल नाही. पण त्या जुलैनंतर आम्ही तांदळाची दहा किलोची पिशवी जुन्या दुपट्यात गुंडाळली आणि हॉलमध्ये चटईवर ठेवली. आधी वहिनी, मग दादा, मग आई. आईनं पिशवी कुशीवर वळवली, पदर खोचला आणि नुसती बघत बसली. आम्ही मुद्दाम आरडाओरडा करत होतो. पाच मिनिटं झाली की रिकामी बाटली उचलायची, असं ठरलं होतं. तिनं हात पुढे केला. "झाली ना रे पाच?"

मी मोबाईल दाखवला. एक मिनिट चाळीस सेकंद.

"बंद पडलाय तुझा," म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसली.