टोपीवरचा बिल्ला आणि 'रीस्ट्राइक'चा घोळ

ब्रिटनच्या नव्या राजाने २०२२ मध्ये राजचिन्हातल्या मुकुटाचा आकार बदलला आणि लष्करी टोपीवरच्या बिल्ल्यांसाठी नवे डाय, म्हणजे नक्षी उमटवणारे पोलादी ठोकळे, कोरायची वेळ आली. राणी एलिझाबेथ गादीवर आली तेव्हाही मुकुट असाच बदलला होता. आपल्याकडे १९५० मध्ये मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले, मराठा पलटणीच्या बिल्ल्यावरचं बिगुल मात्र टिकलं.

बिल्ला ओतत नाहीत, ठोकतात. पोलादी ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची, मग पोलादाला पाणी द्यायचं. वर त्याला जुळणारा उठावदार ठसा, म्हणजे पंच, मध्ये पत्रा. पितळ ठोके खाऊन कडक होतं, म्हणून मध्येच तापवून नरम करायचं, नाहीतर तडकतं. शेवटी कडा कातरून मागे डाखाने कडी किंवा पट्टी बसवायची. दुरंगी, म्हणजे दोन धातूंच्या, बिल्ल्याचे दोन भाग वेगळे ठोकून जोडलेले असतात. १९१६ मध्ये काटकसर म्हणून असे बरेच बिल्ले नुसत्या पितळेचे झाले. दुसऱ्या महायुद्धात प्लास्टिक आलं, १९५० च्या दशकापासून ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेने संरक्षक थर चढवलेलं, ॲल्युमिनियम.

खरा घोळ इथून पुढचा. पलटणी एकमेकींत विलीन झाल्या, पितळी बिल्ले बंद झाले, पण डाय झिजलेले नव्हते. संग्राहकांसाठी त्याच डायवर पुन्हा पत्रा ठोकला गेला, तो 'रीस्ट्राइक'. आता बाजारात हाच शब्द नव्या डायवरच्या नकलेला लावतात आणि साच्यात ओतलेल्या मालालाही. ओतीव माल पाठीमागून खरबरीत असतो, धातू थंड होताना आकसतो म्हणून मापाने किंचित लहान भरतो. त्याला रीस्ट्राइक म्हणणं ही सरळ फसवणूक. मूळ डायवरच्या छापाला मात्र खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो सैनिकाच्या टोपीवर कधी चढला नाही, एवढंच; तेवढं सांगून विकावा.

डायला तडा गेला की बिल्ल्यावर केसाएवढी उठावदार रेघ उमटते, आणि ठोक्यांगणिक तो तडा वाढत जातो. एकाच डायचे दोन बिल्ले शेजारी ठेवले, तर ज्याची रेघ लांब तो नंतरचा.