दोन गुणांनी हुकलं म्हणजे नक्की काय?

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून थेट खेड्यातल्या पारापर्यंत फ्लेक्स लागतात. मुलांचे फोटो, खाली गुण. त्या मुलांचं मलाही मनापासून कौतुक आहे. पण माझी भाची चिऊ यादीतून दोन गुणांनी हुकली आणि तिच्यासमोरच घरात कुणीतरी म्हणालं, "शेवटी हुशारी असावी लागते." तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

चिऊने दिलेल्या पाचवीच्या या परीक्षेत दोन पेपर होते. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण. म्हणजे दोन गुण हा एकच प्रश्न. चिऊचा तो प्रश्न मी पाहिलाय. आकृतीत त्रिकोण किती? प्रश्नपत्रिकेच्या कडेला तिने पेन्सिलीने एकेक रेघ मारून बरोबर मोजलेत, पण उत्तरपत्रिकेत शेजारचं वर्तुळ रंगवलं.

परीक्षेआधीचे तीन रविवार मी तिला घड्याळ लावून सराव पेपर दिले होते. तीनशेपैकी गुण पडले २१८, २०६, २२४. पोरीची बुद्धी एका आठवड्यात घटली आणि पुढच्या आठवड्यात वाढली, असं कुणी म्हणेल का? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये ज्या विचाराचा पाया घातला, तो इथे लागू पडतो: मिळालेले गुण म्हणजे खरी क्षमता अधिक त्रुटी. त्रुटी म्हणजे मुलाची चूक नव्हे. नेमके कोणते प्रश्न आले, रात्री झोप झाली का, अंदाजाने मारलेली उत्तरं लागली का, हे सगळं त्यात येतं.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत तिथेच आहे. बुद्धिमापनात सरासरी १००, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १५ धरतात. कसोटीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तर गुण किती सारखे येतात याचं ० ते १ मधलं माप, ०.९, म्हणजे उत्तम, आहे असं समजू. तरीही मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण खऱ्या क्षमतेपासून साधारण किती ढळतात ते, १५ गुणिले ०.१ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.७ गुण येते. 'विशेष प्रज्ञावान' वर्गासाठी १३० ची रेषा आखली, तर जिची खरी क्षमता बरोबर १३० आहे ती मुलगी निवडली जाणं म्हणजे नाणेफेक. खरी क्षमता १३५ असलेलं मूलही शंभरातल्या १५ वेळा बाहेर राहतं. उलट १२५ चं मूल तितक्याच वेळा आत येतं.

आता दोन चाळण्या लावा आणि दोन्ही पार केल्या तरच प्रवेश, असा नियम करा. कडक नियम म्हणजे चोख निवड, असं वाटतं. पण दोन्हींच्या त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर १३५ चं मूल दोन्हींतून पार पडण्याची शक्यता ८५ टक्क्यांवरून ७२-७३ वर उतरते. त्याच दोन कसोट्यांची सरासरी काढून तिला तीच रेषा लावली, तर त्रुटी ४.७ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ३.३ च्या आसपास येते आणि तेच मूल शंभरातल्या ९३ वेळा निवडलं जातं! मुलं तीच, पेपर तेच. फक्त जोडण्याची रीत बदलली. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या निवड परीक्षा मात्र एका दिवसावर उभ्या असतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला तर मुलाला एकदाच बसता येतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजारांहून अधिक प्रज्ञावान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या चाचणीत कमी पडल्याने न निवडलेल्या दोन मुलांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं: विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये, लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये.

पालकांच्या याच धास्तीवर 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले, म्हणजे मेंदू 'जागा करून' मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो असा दावा करणारे, जगतात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाच्या कडेच्या फटीतून बघत असतं, एवढंच. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी अशा वर्गांना कुणी पैसे भरू नयेत.

पण सगळ्यात निसरडी चाळणी परीक्षेच्या आधीची. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षक किंवा पालक ज्यांची नावं सुचवतील, त्यांचीच चाचणी व्हायची. २००५ मध्ये दुसरीच्या सगळ्याच मुलांना आकृत्यांची, भाषेवर न विसंबणारी चाचणी दिली गेली, आणि गरीब, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक घरांतली कितीतरी जास्त मुलं विशेष वर्गांत आली. पुढे पैशाअभावी ती पद्धत बंद पडली आणि जुनी दरी परत आली.

आपल्याकडे ही चाळणी कागदावर नसते. ज्यादा तासाला कोण बसतं, फॉर्म कुणाचा भरला जातो, तिथे ती लागते. चिऊच्या वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता, फडाजवळच्या कोपीतून चालत यायचा. गटात न बसणारी आकृती तो माझ्याआधी ओळखायचा, असं चिऊच सांगते. त्याचा फॉर्मच भरलेला नव्हता.