घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ होत नाही

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत एक ‘शॉर्टकट’ वर्षानुवर्षं उतरवला जातोय: घातांक मूळ संख्या असलेला २ चा घात घ्या, १ वजा करा, येणारी संख्या मूळच. ३, ७, ३१, १२७ पर्यंत तो जुळतो, म्हणूनच फसवतो. घातांक ११ ला २०४७ येते आणि ती २३ × ८९ आहे. हे १५३६ सालीच छापून आलं होतं.

खरं इतकंच की घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्त असते. उलट बाजू धरू नका.

मग तपासायचं कसं? घातांक २९ घ्या. ५३६८७०९११ चा प्रत्येक मूळ अवयव २९ च्या दुपटीच्या, म्हणजे ५८ च्या, पटीत १ मिळवून येतो आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. ५९ ची बाकी ३, बाद. ११७ आणि १७५ मूळ नाहीत. पुढचा थेट २३३. आता २ च्या घातांना २३३ ने भागून फक्त बाक्या ठेवा: ८व्या घाताची २३, १६व्याची ६३, २४व्याची ६३ × २३ वरून ५१, २९व्याची ५१ × ३२ वरून १. त्यातून १ वजा केला की बाकी ०, म्हणजे २३३ ने भाग जातो. उरलेले अवयव ११०३ आणि २०८९.

घातांक वाढला की अवयव वाढतात, हाही गैरसमजच. २९ ला तीन अवयव, पण ३१ ला संख्या मूळ. ते ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं.

एक्सेलवर विसंबू नका. ते १५ अंकच धरतं, त्यामुळे घातांक ५३ ला शेवटच्या १ च्या जागी ० दिसतो आणि संख्या सम वाटते.