पार्श्वभूमी: इलेक्ट्रॉन बीम आणि 25 किलोग्रेचा आकडा

वैद्यकीय साहित्य किरणांनी निर्जंतुक करण्याचा धंदा 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, तो इलेक्ट्रॉन बीमनेच, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताने. पहिला माल म्हणजे शस्त्रक्रियेत टाके घालायचे दोरे. पण तेव्हाचे त्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणारी यंत्रं, बेभरवशाचे होते. 1960च्या दशकात गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी कोबाल्ट-60 सहज मिळू लागला आणि काम गॅमाकडे वळलं. कोबाल्टमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं. मात्र त्याचे किरण बंदही करता येत नाहीत.

त्या पहिल्या काळातून आजवर टिकला तो 25 किलोग्रेचा आकडा (किलोग्रे म्हणजे मालात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक). चाचणीत चिवट ठरलेल्या जंतूंना मारायला जेवढी मात्रा लागली, तिच्यावर 40 टक्के जादा धरून तो काढलेला. बऱ्याच देशांनी तो जसाच्या तसा उचलला. उत्तर युरोपातल्या काहींनी 35 किंवा त्याहून जास्त किलोग्रेचा आग्रह धरला. धुळीत सुकलेले काही जंतू 25ला दाद देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं निराधार नव्हतं: 1956 मध्ये किरण दिलेल्या मांसाच्या डब्यात डिनोकॉकस रेडिओड्युरान्स हा किरणांना न जुमानणारा जंतू सापडलाच होता. पण चढवलेल्या मात्रेचा भुर्दंड प्लास्टिकला पडतो. पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, टेफ्लॉनची तर वाटच लागते. आणि या ओढाताणीत कळीचा प्रश्न मागे पडला: कारखान्यातून निघणाऱ्या मालावर मुळात जंतू असतात किती?

1995च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तोच पुढे आणला. आधी जंतू मोजा, मग मात्रा ठरवा. जिवंत जंतू उरण्याची शक्यता नगामागे दहा लाखांत एकापलीकडे नको. तरीही 25 गेला नाही. 2006च्या आवृत्तीत नगामागे सरासरी 1000पर्यंत जंतू असलेल्या मालासाठी 25 पुरेसे आहेत हे दाखवून द्यायची स्वतंत्र पद्धत आली. माझ्या मते यात शास्त्राइतकीच सवयही आहे.

1990च्या दशकात दमदार त्वरक आले आणि बीम परतला. गॅमाला तास लागतात ती मात्रा इथे सेकंदांत बसते. चुंबक बीमला झाडूसारखा आडवा फिरवतो, तो टायटॅनियमच्या पातळ पापुद्र्यातून बाहेर पडतो आणि खाली खोकी सरकत राहतात. मालात किरणोत्सार निर्माण होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेला साधारण 10 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टची मर्यादा असते. तेवढ्यात पाण्याच्या घनतेच्या मालात एका बाजूने जेमतेम साडेतीन सेंटिमीटरपर्यंतच काम होतं. म्हणून खोकी उलटून पुन्हा फिरवतात.

2001 मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या घातक रोगाचे जंतू घातलेली पत्रं निघाली तेव्हा टपाल याच यंत्रांखालून गेलं. कागद पिवळे पडले. 2019पासून इथिलीन ऑक्साइड या विषारी वायूने माल निर्जंतुक करणारे तिथलेच कारखाने त्याच्या गळतीवरून अडचणीत आले, 2024 मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि बीमची विचारपूस वाढली. जाड मालाचं कोडं सुटलेलं नाही. त्यासाठी बीम टँटलमच्या पत्र्यावर आदळवून क्ष-किरण काढतात. त्यात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.