एका वाघिणीचा माल

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या स्टेशनांवर फलाटापासून जरा बाजूला एक दगडी ओटा दिसतो. उंची बरोबर मालडब्याच्या तळाएवढी, वर पत्र्याचे छप्पर, एका अंगाला रूळ आणि दुसऱ्या अंगाला बैलगाड्या वळतील एवढे अंगण. हा मालधक्का. ओट्यावर रचलेले पोते हमालाने पाठीवर घ्यावे आणि एकही पायरी न चढता थेट वाघिणीत नेऊन टाकावे, म्हणून ही उंची. आज यातल्या अनेक धक्क्यांवर गवत वाढले आहे. समोरून जाणाऱ्या मालगाड्या पूर्वीपेक्षा लांब आणि जड आहेत, पण त्या इथे थांबत नाहीत. त्या का थांबेनाशा झाल्या, याचे उत्तर वाघिणीच्या इतिहासात आहे.

वाघीण म्हणजे 'वॅगन'. मराठी जिभेने इंग्रजी शब्द घेतला, त्याला स्त्रीलिंग दिले, अनेकवचन दिले आणि तो असा मुरवला की वर्तमानपत्रांत आजही 'मालगाडीच्या वाघिणी रुळावरून घसरल्या' असेच छापून येते. बाजारात हा शब्द मापाचाही झाला. पोते, गाडी, वाघीण अशी चढती भाजणी. विसाव्या शतकातली चार चाकांची, लोखंडी, बंद दारांची नेहमीची वाघीण साधारण २२ टन माल घेई, म्हणजे १०० किलोची २२० पोती. तालुक्याच्या गावचा एखादा आडत्या, नाहीतर दोघेतिघे मिळून, एवढा माल उभा करू शकत. माझ्या मते भारतातल्या रेल्वे मालवाहतुकीच्या इतिहासात या २२ टनांइतका महत्त्वाचा दुसरा आकडा नाही.

या देशात रुळांवरून माणसांआधी माल धावला. १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स इथे रस्त्यांसाठी लागणारा दगड रुळांवरून वाहिला जात होता. १८५१ मध्ये रुरकीला गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूच्या कामावर इंजिन लावून माती ओढली गेली. मुंबईतही १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी सुटली त्याच्या आदल्या वर्षीच 'लॉर्ड फॉकलंड' नावाचे इंजिन बांधकामाच्या कामी लागले होते. त्या समारंभाचे ४०० पाहुणे आणि १४ डबे शाळेच्या पुस्तकात आले, मातीची वाहतूक आली नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची (जी.आय.पी.ची) कल्पना उभी राहिली तीच मुळी कापसावर. कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांनी हिंदुस्थानातल्या कापसावर आणि व्यापारावर १८५१ मध्ये एक पुस्तकच लिहिले. लँकशायरच्या गिरण्या अमेरिकी कापसावर अवलंबून होत्या आणि त्यांना दुसरा आधार हवा होता. वऱ्हाडात कापूस मुबलक होता, पण तो बंदराला पोचवायचा कसा? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो लादून नेत. नागपूर-वऱ्हाडाकडचा बराच कापूस तर मुंबईला न येता दूर उत्तरेत गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत धूळ, काटेकुटे, नदीउतार. पाऊस लवकर आला तर कापूस भिजून काळा पडे. अशा मालाला लिव्हरपूलच्या बाजारात दर मिळणार कुठून?

वऱ्हाड आणि मुंबई यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. बोरघाटात ३७ फूट पुढे गेले की १ फूट चढ. ज्या वेळी डब्यांना हाताने आवळायचे ब्रेक होते, त्या वेळी भरलेल्या वाघिणी या उतारावरून खाली आणणे हा जिवाशी खेळ होता. गाडीचा ताबा सुटलाच तर ती मुख्य मार्गावरून बाजूला वळून चढावर थांबावी म्हणून तिथे खास रूळ टाकलेले असत. त्यांचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, मुळातच बाजूच्या रुळाकडे लावलेले. चालकाने आधी गाडी थांबवून दाखवायची, तेव्हाच सांधा बदलून पुढची वाट मिळायची. घाटातच एके ठिकाणी गाडीला तोंड फिरवून उलट दिशेने जावे लागे, ती व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. त्याच सुमारास विजेची इंजिने आली. मालगाड्या ओढणारे, पुढे-मागे नाक काढलेले इंजिन रेल्वेच्या माणसांनी पाहिले आणि त्याला 'खेकडा' म्हटले. या नावाचा मला वाघिणीइतकाच अभिमान वाटतो.

रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले होते, कापसाचे गगनाला भिडलेले भाव कोसळले होते, मुंबईतले सट्टेबाज बुडाले होते. ज्या तेजीच्या कथा आपण ऐकतो, त्या तेजीतला वऱ्हाडी कापूस अर्धी वाट तरी बैलांच्या जिवावरच मुंबईला आला. वाघिणींचा खरा अंमल त्यानंतर सुरू झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब–खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला. बडनेऱ्यावरून अमरावतीलाही फाटा गेला. कापसाच्या बाजारात थेट वाघीण नेऊन उभी करायची, एवढ्यासाठी हे फाटे. लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी उमरावतीवरून 'ऊमरा' हे वऱ्हाडी कापसाचे नाव रुळले. हिंगणघाटचा कापूस तर स्वतःच्या नावाने विकला जाई.

इथे वाघिणीने एक गोष्ट घडवून आणली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सुटा कापूस हलका. वाघीण छतापर्यंत भरली तरी वजन भरत नाही, म्हणजे भाडे जाते ते हवेसाठी. त्यामुळे कापूस बंदरावर नेऊन दाबण्यापेक्षा गावातच दाबलेला परवडू लागला. स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी तयार होऊ लागल्या, सरकी मागे राहू लागली. वऱ्हाड-खानदेशातल्या अनेक गावांत स्टेशन, जिन आणि बाजारपेठ एकमेकांना चिकटून का आहेत, याचे उत्तर एका वाघिणीत किती घनफूट जागा असते या हिशेबात आहे. इंजिनाच्या ठिणगीची धास्ती कायम असे. उघड्या डब्यातल्या गाठींवर ताडपत्री, आणि शक्यतो माल बंद डब्यातच.

१८७६–७८ च्या दुष्काळाने वाघिणीला दुसरे काम दिले. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची अशा जी.आय.पी.च्या दोन शाखा त्याने जोडल्या. १८८० च्या दुष्काळ आयोगाने तर दुष्काळापासून बचावासाठी रेल्वे बांधा असेच सांगितले. वाघीण धान्य स्टेशनापर्यंत आणे. तिथून पुढे गाव दहा-वीस कोस असेल आणि चाऱ्याविना बैल मेलेले असतील, तर ते धान्य स्टेशनावरच राही. शिवाय ज्या रुळांवरून धान्य येते त्याच रुळांवरून चढ्या भावाच्या मागे ते जातेही. हा दोष वाघिणीचा म्हणता येत नाही, पण तिचे कौतुक करताना तो विसरूही नये.

आता बार्शी. या गावाने जगाला वाघिणीबद्दल काही शिकवले आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ, पण जी.आय.पी.चा मार्ग बाजूने, कुर्डुवाडीवरून गेला. त्या स्टेशनाचे तेव्हाचे नावच 'बार्शी रोड'. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे आधी जी.आय.पी.मध्ये नोकरीला असलेले इंग्रज इंजिनिअर. (पुढे त्यांनी वैमानिकांसाठी हवाई छत्रीही बनवली.) अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे हा खेळ नाही, ती पूर्ण ताकदीने माल वाहू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे सूत्र एकच: इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर (चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग हलके रूळ चालतात, हलके पूल चालतात आणि खर्च आवाक्यात येतो. चार आसांच्या वाघिणीला एकूण २० टनांची मुभा. तेव्हा डबा स्वतः जितका हलका, तितका माल जास्त. म्हणून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या वाघिणी लीड्सच्या कारखान्यातून आल्या. जहाजात चढण्याआधी तिथेच रूळ टाकून त्यांचे प्रात्यक्षिकही झाले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोचली. वारकऱ्यांची गाडी म्हणून लोक तिला ओळखतात. ती बांधली मात्र मालासाठी.

तिचे दुखणे एकच होते, आणि ते साऱ्या देशाचे होते: रुळांची रुंदी. कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतले प्रत्येक पोते उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. मनमाडला निजामाची मीटरगेज आणि जी.आय.पी.ची ब्रॉडगेज भेटत, तिथे तेच. मिरजेला तर तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र आले. यवतमाळकडचा कापूस 'शकुंतला' या छोट्या रुळांच्या गाडीतून मूर्तिजापूरला येई, तिथे पुन्हा तेच. हजारो हमालांच्या पाठींनी हे सांधे जोडले. हुकाने फाटलेली पोती, सांडलेले धान्य, पावसात भिजलेला माल हा रोजचाच भाग. कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधल्या एका छोट्या रेल्वेसाठी यावर उपाय काढला: मोठी वाघीण तशीच्या तशी उचलून नेणारी छोटी वाघीण. १९९९ पासून कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोकण रेल्वे घाटवळणांतून नेते. कल्पना त्याच कुळातली.

स्वातंत्र्यानंतरही काही दशके व्यवहार असा चाले. व्यापारी स्टेशनमास्तरकडे वाघिणीची मागणी नोंदवी. पाळी आली की रिकामी वाघीण धक्क्याला लागे. ठरल्या वेळेत भरली नाही तर दंड. माल भरून दार बंद, सील, बाजूच्या खाचेत कुठून-कुठे जायचे त्याचे लेबल, आणि व्यापाऱ्याच्या हाती रेल्वेची पावती. ही पावती म्हणजेच माल. ती बँकेत ठेवून पैसे उचलता येत, टपालाने पाठवून परगावी विकताही येत. मग एखादी मालगाडी त्या एका वाघिणीला उचलून भुसावळसारख्या मोठ्या यार्डात नेई. तिथे गाड्या तोडायच्या, वाघिणी दिशेनुसार लावायच्या, नवी गाडी बांधायची. मधल्या यार्डांत हेच पुन्हा. परिणामी वाघीण धावण्यापेक्षा उभीच जास्त राही. खानदेशातली केळी रावेर, सावदा, निंभोऱ्याहून दिल्लीकडे जात. केळीचा घड यार्डात दोन दिवस जास्त अडकला तर त्याचा हिशेब शेतकऱ्याच्याच पट्टीत निघे.

बदल दोन पावलांत झाला. १९६० च्या आसपास आठ चाकांची मोठी 'बॉक्स' वाघीण आली. १९८० च्या दशकात 'बॉक्स-एन' आली: हवेचे ब्रेक, भक्कम जोडण्या, एकेकीत सुमारे ५८ टन माल आणि अशा ५८ वाघिणींची अखंड गाडी. गाडी तोडायचीच नाही, खाणीत भरायची आणि वीज केंद्रात रिकामी करायची. चंद्रपूर-वणीचा कोळसा कोराडीला, एकलहऱ्याला, भुसावळच्या दीपनगरला याच पद्धतीने जाऊ लागला. हळूहळू सिमेंट, खत, साखर, धान्यही पूर्ण गाडीच्या हिशेबाने जाऊ लागले. सुट्या वाघिणीची नोंदणी रेल्वेने जाणीवपूर्वक कमी केली आणि यार्डांचे काम आटले.

रेल्वेच्या बाजूने हा हिशेब चोख होता. त्याच इंजिनांत आणि त्याच रुळांवर तिने कितीतरी पट माल वाहून दाखवला, आणि त्याशिवाय राज्यात वीज पुरली नसती. पण २२ टनांचा ग्राहक ३,००० टनांचा होऊ शकत नव्हता. तो ट्रककडे गेला आणि परतला नाही. गवत वाढलेले धक्के हे त्याचेच. पूर्ण गाडी भरायची तर मागे कंपनी तरी हवी किंवा सरकार तरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा एका मालगाडीने दिल्लीला गेला. हा कांदा सरकारने साठ्यासाठी खरेदी केलेला होता. जुन्या मापाने त्या ७२-७३ वाघिणी. एकेकाळी त्या कितीतरी वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या नावे गेल्या असत्या.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत होते. तेलाच्या टाकी-वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या कारखान्यात आतून धुऊन मिरजेला आणल्या गेल्या. कृष्णेचे पाणी भरलेल्या १० वाघिणींची पहिली गाडी ५ लाख लिटर घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोचली, पुढे ५० वाघिणी जाऊ लागल्या. ती ज्या वाटेने गेली ती बरीचशी बार्शी लाइटचीच वाट, आता ब्रॉडगेज झालेली. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर कुर्डुवाडीला पाणी कोणत्या पाठीवर चढवले असते?

त्याच वाटेवर सांगोला आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली–दानापूर अशी पहिली किसान रेल सुटली, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. डाळिंब, द्राक्षे, भाज्या. भाड्यात निम्मी सवलत, आणि किमान वजनाची अट नाही. या गाडीचे डबे पार्सलचे होते, वाघिणी नव्हेत. पण इतक्या वर्षांनी प्रथमच रेल्वेने लहान मालाला दार उघडले होते. त्या दिवशीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी तोवर किसान रेलने गेलेल्या सर्वांत लहान पार्सलाचा उल्लेख केला. त्यात डाळिंबे होती, ३ किलो.