साल निघाली की गुण आला? मुरुमांच्या औषधांमागचा इतिहास

क्रीम लावल्यावर तोंड लाल झालं, हनुवटीवर पापुद्रे सुटले, की आजही कुणीतरी सांगतंच, "थोडं सहन कर, औषध लागू पडतंय." नाजूक त्वचेच्या माणसांचे या एका समजुतीने फार हाल केले. आणि ती काही आजीबाईच्या बटव्यातली नाही, दवाखान्यातूनच घरात आलेली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांकडे मुरुमांवर मुख्यतः गंधक, रिसॉर्सिनॉल आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं. वरचा थर सोलायचा, बुजलेली छिद्रं मोकळी करायची, हा हिशेब. तेवढ्याने भागलं नाही तर चेहऱ्याला चक्क क्ष-किरण देत. त्यातून थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे कळल्यावर तो प्रकार मागे पडला. आपल्याकडचे जुने उपायही फार मवाळ होते असं नाही. सुश्रुतसंहितेत तारुण्यपिटिकांना वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, सांगितलंय आणि लेपात वेखंड, लोध्र, सैंधव यांच्या जोडीला मोहरी आहे. मोहरीचा लेप सोसणारे गाल सगळ्यांचे नसतात.

१९६५ मध्ये कॅनडातल्या विल्यम पेस यांनी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि गंधकाच्या क्रीमचे मुरुमांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे हे औषध मुरुमांवर हमखास वापरलं जाऊ लागलं, पाच-दहा टक्क्यांच्या जोरकस रूपात. १९६९ मध्ये अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइन, म्हणजे व्हिटॅमिन ए चं अ‍ॅसिड, मुरुमांवर चालतं हे दाखवलं आणि १९७१ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. लाली, सोलवटणं, आग होणं हे तेव्हा उपचाराचंच अंग मानलं जाई. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात वर्षानुवर्षं कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. त्वचारोगशास्त्राच्या इतिहासातलं हे अत्यंत लाजिरवाणं पान आहे, आणि क्लिगमन यांचं नाव घेताना ते गाळता येत नाही.

गंमत म्हणजे नाजूक त्वचेचा प्रश्न प्रयोगशाळेत आणणाऱ्यांतही तेच होते. १९७७ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी एक साधी चाचणी मांडली: माणसाला घाम आणायचा आणि नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणाऱ्या घडीवर पाच टक्के लॅक्टिक अ‍ॅसिड चोळायचं. काहींना काहीच होत नसे, काहींना चांगलंच चुरचुरे, आणि तरी कातडीवर लालीचा मागमूस नसे. "मला झोंबतंय" ही तक्रार निव्वळ मनाचे खेळ नाहीत, हे अशा चाचण्यांनी मोजता येऊ लागलं. मग १९८६ मध्ये क्लिगमन यांचा सहभाग असलेल्या गटाने अडीच, पाच आणि दहा टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडची तुलना केली. लाल फोड आणि पूवाचे फोड कमी करण्यात तिन्ही सारखेच निघाले. आग आणि सालं मात्र अडीच टक्क्यांत दहापेक्षा कमी. म्हणजे त्वचा जास्त सोलवटली म्हणून गुण जास्त आला, असं काही नव्हतं. माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा वळणबिंदू हाच. त्यानंतर अमेरिकेत १९९५ मध्ये अझेलाइक अ‍ॅसिड आणि १९९६ मध्ये अ‍ॅडापलीन आलं, दोन्ही ट्रेटिनॉइनपेक्षा सोसायला सोपी.

अ‍ॅलर्जीची वाट याहून जुनी आणि बराच काळ वेगळीच चालली. १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी पाऱ्याच्या मलमाने पुरळ उठणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवर तोच पदार्थ चिकटवून पाहिला. आजच्या पॅच टेस्टचा हा उगम. पाठीवर पदार्थांच्या छोट्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि नंतरही एकदा पाठ तपासतात, कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. झोंबणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. झोंबणारं औषध कमी प्रमाणात किंवा दिवसाआड लावून चालू शकतं. अ‍ॅलर्जीत तो पदार्थ सोडावाच लागतो. आणि दोषी औषधच असेल असंही नाही, बऱ्याचदा क्रीममधला सुगंध किंवा टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असतं. मेथिलआयसोथायझोलिनोन हे असंच एक रसायन. धुऊन न टाकण्याच्या प्रसाधनांत युरोपने ते २०१७ पासून बंद केलं. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांनी क्वचित घसा आवळणं, ओठ-डोळे सुजणं असे गंभीर प्रकार होतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. पहिल्यांदा वापरताना एक-दोन छोट्या जागी तीन दिवस लावून पाहा, हा सल्ला तेव्हाचाच.

भारतात या कथेला भलताच फाटा फुटला. क्रीम झोंबली की लोक मेडिकलमधून "अ‍ॅलर्जीचं मलम" आणत, आणि त्यात असे स्टेरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबून टाकणारं औषध. दोन दिवसांत लाली गायब, म्हणून तेच महिनोन्‌महिने चेहऱ्याला. मग कातडी पातळ, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी आणि नव्याने उठलेले, एकसारखे दिसणारे फोड. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशी याची स्वतंत्र नोंद केली आणि त्यांच्या संघटनेने अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे कागदावर तरी ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. असा चेहरा घेऊन रुग्ण आला की डॉक्टर मुरुमांच्या औषधाची घाई करत नाहीत: आधी स्टेरॉइड सोडवायचं, मलम सुटल्यावर भडकणारी लाली आणि आग साध्या मॉइश्चरायझरवर शांत होऊ द्यायची, आणि कातडी सावरल्यावर अझेलाइक अ‍ॅसिडसारखं काहीतरी थोडं थोडं सुरू करायचं.