पहिले सिझेरियन आणि दुसरे सिझेरियन: काय तसेच राहते, काय बदलते

दुसऱ्या सिझेरियनची तारीख ठरली की एक वाक्य हमखास ऐकू येते: "एकदा झालेच आहे, आता त्यात नवीन काय?" जिचे पहिले सिझेरियन रात्रभर कळा सोसल्यावर, बाळाचे ठोके मंदावल्यामुळे घाईघाईने करावे लागले, ती या वाक्याने अधिकच धास्तावते, कारण तिच्या लेखी सिझेरियन म्हणजे ती रात्र. जिचे पहिले सिझेरियन विनासायास पार पडले, ती याच वाक्याने निर्धास्त होते. दोघींचाही अंदाज चुकण्याची शक्यता असते, कारण नाव एकच असले तरी या दोन शस्त्रक्रिया सारख्या नसतात. ठरवून केलेले दुसरे सिझेरियन आईला बहुधा पहिल्यापेक्षा शांत आणि सोपे वाटते, पण ते करणाऱ्या डॉक्टरांसाठी मात्र ते पहिल्यापेक्षा अवघड असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की नको तिथे भीती वाटते आणि जिथे सावध राहायला हवे तिथे दुर्लक्ष होते.

आधी आईला जाणवणारा भाग पाहू. पहिले सिझेरियन अनेकदा कळा सुरू झाल्यानंतर ठरते. स्त्री थकलेली असते, तिची झोप झालेली नसते, आणि संमतीपत्रावर सही करताना समोर काय लिहिले आहे हे वाचण्याइतकेही भान तिला नसते. दुसऱ्या वेळी ती ठरलेल्या सकाळी उपाशीपोटी रुग्णालयात येते, हातात सलाईनची सुई लागते, आणि पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत शस्त्रक्रियागृहात जाते. जड अन्न साधारण आठ तास आणि हलका आहार सहा तास आधी थांबवतात. साधे पाणी मात्र अनेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालते, म्हणून त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे. उगाच रात्रभर पाण्यावाचून राहिल्याने काहीही साधत नाही. भूल बहुधा पाठीत एकच इंजेक्शन देऊन देतात. काही मिनिटांत पाय जड आणि उबदार होतात, वेदना नाहीशी होते, पण स्पर्श आणि ओढ जाणवत राहते. पहिल्या वेळी घाईत पूर्ण भूल दिली गेली असेल, तर ही ओढ सर्वस्वी नवी वाटते. पोटात कोणी हात घालून सामान आवरते आहे, असे तिचे वर्णन बायका करतात आणि ते योग्यच आहे. रक्तदाब उतरल्याने मळमळणे, दात वाजतील इतकी थरथर सुटणे, हेही नेहमीचे आहे. ते होताच डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांना सांगावे, त्यावर लगेच औषध असते.

तारीख ठरवताना मात्र एका गोष्टीबाबत आग्रही राहावे. आई आणि बाळ दोघेही ठीक असतील, तर ठरवून करायचे सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. कळा येतात तेव्हा आईच्या आणि बाळाच्या शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांच्या परिणामाने बाळाच्या फुप्फुसांतले पाणी शोषले जाऊ लागते. पहिले सिझेरियन कळा सुरू झाल्यावर झाले असेल, तर त्या बाळाला ही मदत मिळालेली असते. कळांशिवाय जन्मणाऱ्या दुसऱ्या बाळाला ती मिळत नाही. त्यामुळे जन्मानंतर पहिले एक-दोन दिवस धाप लागून बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याचे प्रमाण अशा बाळांत अधिक असते, आणि ३९ आठवड्यांच्या जितके अलीकडे जावे तितके ते वाढते. सोयीची तारीख म्हणून आठवडा-दोन आठवडे अलीकडे सरकणे मला म्हणूनच पटत नाही. पहिला छेद गर्भाशयावर उभा घेतलेला असेल, तर मात्र डॉक्टर स्वतःच ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया सुचवतात. त्याचे कारण पुढे येतेच.

इथे दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, गोंधळ सोडवायला हवा. "टाके चांगले भरलेत" असे आपण म्हणतो तेव्हा आपण ओटीपोटावरच्या रेषेकडे पाहत असतो. परंतु सिझेरियनच्या खुणा दोन असतात: एक त्वचेवर, दुसरी गर्भाशयावर. त्वचेवरची रेष आडवी, बारीक आणि जवळजवळ दिसेनाशी झालेली असली, तरी त्यावरून आतला छेद कोणत्या दिशेने घेतला होता हे सांगता येत नाही, आणि तो किती मजबूत भरला आहे हेही नाही. दुसऱ्या गरोदरपणाचा सगळा हिशोब आतल्या खुणेवर चालतो. गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद असेल, तर पुढे कळा आल्या तरी तो उसवण्याचा धोका कमी, म्हणजे साधारण दोनशे जणींत एक इतका असतो. वरच्या जाड, स्नायूमय भागात उभा छेद असेल तर हाच धोका शंभरात चार ते नऊपर्यंत जातो. "एकदा सिझेरियन म्हणजे कायमच सिझेरियन" हे वाक्य न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये लिहिले, तेव्हा उभा छेदच रूढ होता. आणि त्यांना सांगायचे होते ते हे, की पहिली शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डॉक्टरांनी पुन्हा विचार करावा. पुढच्या दशकात ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ मन्रो कर यांनी खालच्या आडव्या छेदाचा पाठपुरावा केला, तो सर्वत्र रुळला, आणि त्या वाक्यामागचे मूळ कारण बरेचसे उरले नाही. वाक्य मात्र राहिले.

म्हणूनच दुसऱ्या वेळी सिझेरियन आपोआप ठरलेले नसते. एकच आडवा छेद झालेला असेल आणि इतर अडचण नसेल, तर सर्व तयारी असलेल्या रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो, आणि तो करणाऱ्या शंभरांपैकी साधारण ६० ते ८० जणींना त्यात यश येते. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर आतली खूण उसवण्याचा धोका वाढतो, म्हणून हे अंतर डॉक्टर आवर्जून विचारतात. हा पर्याय नाकारून सिझेरियनच निवडणे यातही काही कमीपणा नाही. फक्त ती निवड असावी, गैरसमज नसावा.

आता डॉक्टरांच्या बाजूने पाहू. पहिल्या वेळी पोटातले थर जसे निसर्गाने रचले तसेच, एकावर एक सुटे असतात. ते बाजूला सारत गर्भाशयापर्यंत पोहोचायला थोडीच मिनिटे लागतात. दुसऱ्या वेळी त्वचेवर बहुधा जुन्याच रेषेवर छेद घेतात, कित्येकदा जुनी खूण कापून काढतात, आणि बाहेरून सारे पहिल्यासारखेच दिसते. आत मात्र भरून येताना हे थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात: स्नायू गर्भाशयाला, गर्भाशय पोटाच्या आतल्या अस्तराला, आणि मूत्राशय नेमके जुन्या छेदापाशी वर ओढले जाऊन. काही जणींत हे चिकटणे नावापुरते असते, काही जणींत इतके दाट की थर अक्षरशः धाग्याधाग्याने सोडवावा लागतो. ते किती असेल हे आधी खात्रीने कळत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी भूल दिल्यावर थोड्याच वेळात बाळाचे रडणे ऐकू आले असेल आणि दुसऱ्या वेळी पडद्याआड नुसतीच शांतता लांबत असेल, तर त्या शांततेचा अर्थ काही बिघडले असा लावू नये. डॉक्टर त्या वेळी बहुधा मूत्राशय जपत असतात. त्याला इजा होणे क्वचित घडते, आणि घडले तरी तिथेच टाका घालून दुरुस्त करता येते. शस्त्रक्रिया पहिल्या वेळी पाऊण ते एक तासात आटोपली असेल, तर या वेळी ती त्याहून लांबू शकते, हे बाहेर थांबलेल्यांनाही आधी सांगून ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट वारेची (प्लॅसेंटाची) आहे, आणि ती तारखेच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी पाहायची असते. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी, जुन्या छेदावर रुजली, तर तिची मुळे त्या खुणेतून खोल जाऊ शकतात आणि प्रसूतीनंतर ती सुटत नाही. मग प्रचंड रक्तस्राव होतो आणि कधी गर्भाशयच काढावे लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार तोंडावर असलेल्या स्त्रियांत ती अशी खोल रुजण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० आढळले. वार तोंडावर नसेल, तर दुसऱ्या वेळी हा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो. म्हणजे आकडा घाबरवणारा असला तरी तो कोणाला लागू आहे हे सोनोग्राफीत आधी कळते. सुमारे २० आठवड्यांच्या तपासणीत वार खाली दिसली, तर पुढे ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहतात, कारण गर्भाशय वाढताना पुष्कळदा ती वर सरकलेली दिसते. "वार कुठे आहे, जुन्या छेदापासून किती लांब?" हा प्रश्न पहिल्या गरोदरपणात फारसा महत्त्वाचा नव्हता, आता तो प्रत्येक आईने विचारावा.

आणखी एक फरक असा, की दुसऱ्या वेळी तारीख हातात असते, पण शरीर तारीख पाळेलच असे नाही. सिझेरियन ठरलेल्या साधारण दहा जणींपैकी एकीला ३९ आठवड्यांच्या आत कळा सुरू होतात. पहिल्या वेळी 'कळा वाढेपर्यंत घरी थांबा' असे सांगितले गेले असेल. आता तो सल्ला लागू नाही. कळा नियमित येऊ लागल्या, पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा दोन कळांच्या मध्येही जुन्या छेदाच्या जागी दुखणे थांबेना, तर लगेच निघावे आणि पोहोचताच आधीचे सिझेरियन झाल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत सुखद आणि त्रासदायक अशा दोन्ही गोष्टी भेटतात. कळांनी थकलेले शरीर नसल्यामुळे अनेकींना या वेळी लवकर उभे राहता येते, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठण्याची युक्ती आठवते, आणि खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. पण एक दुखणे असे असते ज्याची कोणी कल्पना दिलेली नसते. बाळ पहिल्यांदा छातीशी धरले जाते, ओढू लागते, आणि त्याच क्षणी ओटीपोटात एक पीळ पडून येतो, अगदी कळेसारखा. आई ओठ दाबते, बाळाला घट्ट धरते, मिनिटभराने तो ओसरतो आणि बाळाने पुन्हा ओढ घेताच परत येतो. टाक्यांचे काही बिघडले, असे तिला वाटते. टाक्यांचा इथे काही संबंध नसतो. दूध पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि त्याने गर्भाशय आवळले जाते. पहिल्या खेपेला हे बहुधा सौम्य असते, दुसऱ्या आणि पुढच्या खेपांना गर्भाशयाला अधिक जोर लावून आवळावे लागते, म्हणून ते चांगलेच दुखते. दोन-तीन दिवसांत कमी होते. दूध पाजण्याच्या थोडे आधी वेदनाशामक गोळी मिळेल अशी वेळ परिचारिकेकडून बांधून घ्यावी. ते औषध मागण्यात संकोच करू नये, कारण दुखण्यापायी पाजणे टाळले जाणे हे अधिक वाईट.

लघवीची नळी, पायातले घट्ट मोजे, पहिल्या दिवशीच चार पावले चालणे, सहा आठवड्यांपर्यंतचा रक्तस्राव हे सारे पहिल्यासारखेच. ताप, टाक्यांतून पू, तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, एका पोटरीला सूज आणि दुखणे, श्वास लागणे, किंवा उठून बसताच असह्य होणारी डोकेदुखी, यांतले काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

घरी मात्र एक माणूस असा असतो जो पहिल्या वेळी नव्हता. दीड-दोन वर्षांचे मूल चार दिवसांनी आईला पाहते आणि दोन्ही हात वर करून "आई, उचल" म्हणते. बाळाहून जड काहीही पहिले काही आठवडे उचलू नये, हा नियम पहिल्या वेळी सहज पाळता आला, कारण उचलण्यासारखे कोणी नव्हते. आता तो दिवसातून दहा वेळा मोडावासा वाटतो. त्याला नाही म्हणण्याऐवजी आईने पलंगावर किंवा जमिनीवर बसावे, टाक्यांवर उशी ठेवावी आणि त्याला स्वतः चढून बाजूला बिलगू द्यावे. उचलून पलंगावर ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे, हे रुग्णालयात जाण्यापूर्वीच ठरलेले असावे.

आणि घरी निघताना शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी: गर्भाशयावर छेद कोणता घेतला, जुनी खूण किती पातळ होती, आत किती चिकटलेले आढळले, रक्त द्यावे लागले का. पहिल्या वेळी हा कागद बहुतेक घरांत कुठेतरी हरवतो, आणि नव्या डॉक्टरांना त्वचेवरची रेष तेवढी दाखवता येते.